वजन वाढलं, दंड मात्र बारीक झाला

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले चार-पाच आठवडे रोज प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड द्यावं लागतं. या काळात पोराचे गाल भरतात, काट्यावर वजन चढतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्या आनंदावर पाणी टाकायला जिवावर येतं, पण सांगायलाच हवं. वाढते ती बहुतेक चरबी आणि अंगात साठलेलं पाणी. स्टिरॉइड भूक पेटवतं, मीठ धरून ठेवतं आणि त्याच वेळी स्नायूंमधली प्रथिनं मोडतं. मांड्या वाळतात, खाली बसलेल्या मुलाला उठताना हात टेकावा लागतो.

म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये, दंडही मोजावा. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप गुंडाळायची. ती कातडीला टेकावी, रुतू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली गेला तर कुपोषण, 11.5 च्या खाली गेला तर तीव्र कुपोषण. मोठ्या मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात. पोट सुजलं, यकृत-प्लीहा वाढली तरी दंडाचा घेर सहसा फसवत नाही.

स्टिरॉइडची भूक रात्री-अपरात्रीही उठवते आणि तिला हवे असतात वेफर्स, फरसाण, लोणचं. मिठाने रक्तदाब वाढतो. त्यापेक्षा मुगाचं धिरडं, पूर्ण उकडलेलं अंडं, पनीर, दाण्याचं कूट घातलेली भाजी हाताशी ठेवावी. साखर तोडली की कर्करोग उपाशी मरतो, ही समजूत साफ चुकीची आहे. त्यात उपाशी राहतं ते मूल. मात्र स्टिरॉइड आणि अ‍ॅस्परॅजिनेज हे कर्करोगाचं औषध या दोन्हींमुळे रक्तातली साखर चढू शकते, म्हणून सरबतं, कोल्ड्रिंक बंद.

व्हिन्क्रिस्टिन या औषधाने जबडा दुखतो, बद्धकोष्ठ होतं. पाणी भरपूर द्यावं, डॉक्टरांना सांगावं, पण घरी एनिमा कधीही देऊ नये. पांढऱ्या पेशी कमी असताना गुदद्वाराला झालेली जखम जंतुसंसर्गाला वाट देते. मेथोट्रेक्सेट या औषधाने तोंड आलं तर गार दहीभात किंवा नाचणीची पेज, तीही घोट-घोट. दही घरचं, उकळलेल्या दुधाचं आणि ताजं. पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना ताजं शिजवलेलं गरम अन्न, सोललेलं फळ चालतं. कच्ची मोड आलेली कडधान्यं, गाड्यावरची चटणी नको.

अ‍ॅस्परॅजिनेजचं इंजेक्शन झाल्यावर पोटात जोरात कळ आली, ती पाठीकडे गेली, उलट्या सुरू झाल्या, तर गॅस समजून ओवा चारत बसू नये. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. खाणं थांबवून मुलाला थेट रुग्णालयात न्यावं, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात.