आजी, नातवंड आणि चित्रपुस्तक

डहाणू तालुक्यातील कासा परिसरात वारली सवाशिणी लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक रेखाटतात. त्यास त्या 'लिहिणे' म्हणतात. या शब्दात मोठे मर्म आहे. अक्षरओळख नसलेले नातवंड व शाळेस पारखी राहिलेली आजी, दोघांनाही चित्र वाचता येते. याच तालुक्यात कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून बालशिक्षण पाड्यांच्या अंगणी नेले. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या चित्रपुस्तकसंचात घरचीच माणसे भेटतात. आमची वाचकांस विनंती एवढीच, की असे पुस्तक मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. ते आजीच्या मांडीवर उघडावे. चित्रावर बोट ठेवून प्रश्न विचारणारे मूल, घरात एकट्या पडलेल्या त्या माउलीस सोबतही देते.