दारातला पहारेकरी किती पाहतो?

विमानतळावर जाण्याचा योग तुमच्यापैकी काहींना आला असेल. ज्यांना आला नसेल त्यांनीही मेट्रो स्थानकावर किंवा एखाद्या मोठ्या देवस्थानाच्या दाराशी उभी असलेली ती रिकामी चौकट नक्की पाहिली असेल. खिशात किल्ल्यांचा जुडगा असला की ती टीं-टीं करते आणि पहारेकरी आपल्याला बाजूला घेतो. आपली तपासणी व्हावी का, असे विचारले तर बहुतेक जण "हो" म्हणतील. पण तपासणी किती व्हावी? आपल्या अंगावरचे, पिशवीतले, कपड्यांखालचे किती कोणाला दिसावे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधायला थोडे भौतिकशास्त्र, थोडे गणित आणि थोडे नागरिकशास्त्र लागते. चला तर, क्रमाने पाहू.

चौकटीला धातू कसा कळतो?

एके काळी विमानात बसणे एस.टी.त बसण्याइतके सोपे होते. अंगझडती नाही, पिशव्या उघडणे नाही. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत विमाने पळवण्याचे शंभराहून अधिक प्रयत्न झाले आणि हे चित्र पालटले. ५ जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. आपल्या देशात डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली.

या तपासणीचे पहिले साधन म्हणजे ती चौकट. तिच्या दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे छोटे छोटे झटके सोडले, की चौकटीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला, की त्यात वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले होते. तुमच्या किल्लीतही क्षणभर असे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात. त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. चौकटीतली वेटोळी ते टिपतात आणि घंटी वाजते.

म्हणजे या पहारेकऱ्याला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे वीज वाहून नेणारा धातू. तुमच्या खिशातले पत्र त्याला दिसत नाही, तुमच्या शरीराचा आकारही दिसत नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने तो फारच सभ्य म्हणायचा. पण त्याला प्लास्टिक दिसत नाही आणि स्फोटक पूडही दिसत नाही.

लाडू आणि स्फोटक यांचा रंग एकच

सामानाच्या पट्ट्यावर दुसरा पहारेकरी असतो, क्ष-किरणांचा. तुमची पिशवी बोगद्यात शिरते आणि पडद्यावर रंगीत चित्र उमटते. हे रंग पिशवीतल्या वस्तूंचे खरे रंग नव्हेत. यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण मोजते. कमी ऊर्जेचे किरण जड अणूंत फार शोषले जातात. जास्त ऊर्जेच्या किरणांच्या बाबतीत हा फरक तितका नसतो. दोन्ही मोजमापे ताडून पाहिली, की वस्तूतले अणू साधारण किती जड आहेत याचा अंदाज येतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या अणूंच्या वस्तू नारिंगी दाखवतात, पोलाद निळे आणि मधल्या गटातल्या वस्तू हिरव्या.

आता गंमत पाहा. पुस्तक, साबण आणि आजीने प्लास्टिकच्या डब्यात भरून दिलेले बेसनाचे लाडू हे सगळे नारिंगी. आणि बहुतेक स्फोटकेही नारिंगीच! कारण तीही याच हलक्या अणूंची बनलेली असतात. म्हणून कधी कधी लाडवांचा डबा उघडून दाखवावा लागतो. अधिकाऱ्याला तुमचा संशय आलेला नसतो. त्याच्या यंत्राला तेवढाच फरक कळतो, इतकेच.

कपड्यांपलीकडे पाहणारे यंत्र

२५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून अमेरिकेतील डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने आपल्या अंतर्वस्त्रात शिवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. विमानात सुमारे २९० माणसे होती. सुदैवाने स्फोट झाला नाही, सहप्रवाशांनी त्याला धरले. त्याच्याजवळच्या स्फोटकात धातू नव्हता. चौकटीपुढे तो निर्दोष ठरला होता.

या घटनेनंतर अमेरिकेने पूर्ण शरीराची छाननी करणारी यंत्रे झपाट्याने बसवायला सुरुवात केली. ती दोन प्रकारची होती.

पहिल्या प्रकारात अगदी क्षीण क्ष-किरण वापरत. दवाखान्यात क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि पलीकडे चित्र उमटते. इथे उलट होते. कपड्यांतून आत गेलेले किरण त्वचेवर आदळून बरेचसे मागे विखुरतात आणि यंत्र ते परतलेले किरण टिपते. हलक्या अणूंच्या वस्तूंवरून ते भरपूर परततात, म्हणून त्वचा उजळ दिसते. धातू त्यांना गिळून टाकतो, म्हणून तो काळा दिसतो.

दुसऱ्या प्रकारात मिलिमीटर तरंग म्हणजे अतिशय आखूड रेडिओ तरंग वापरतात. त्यांची कंप्रता सुमारे २४ ते ३० अब्ज हर्ट्‌झ असते. प्रकाशाच्या वेगाला ३० अब्जाने भागून पाहा, तरंगलांबी सुमारे १ सेंटिमीटर येईल. हे तरंग कापडातून जातात, पण पाणी भरपूर असलेल्या त्वचेवरून परततात. याच कुळातले, जेमतेम ५ मिलिमीटर लांबीचे तरंग आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९० च्या दशकातच निर्माण केले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही यंत्रे अपायकारक आहेत का, असे तुम्ही विचाराल. हिशेब करून पाहू. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसीव्हर्ट प्रारण मिळते. क्ष-किरणांच्या त्या यंत्रात एका छाननीला ०.१ मायक्रोसीव्हर्ट किंवा त्याहून कमी मिळत असे. म्हणजे घरी बसून पाव-अर्ध्या तासात मिळते तेवढेच. १०-१२ किलोमीटर उंचीवर उडणाऱ्या विमानात अवकाशातून येणारे प्रारण तर तासाला काही मायक्रोसीव्हर्ट भरते. मिलिमीटर तरंगांच्या एका कणाची ऊर्जा, पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उपटायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे एक लाखांश असते. ते क्ष-किरणांसारखे आयनीभवन करू शकत नाहीत. तरीही युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये नियम केला, की शरीराच्या छाननीसाठी क्ष-किरण वापरायचे नाहीत. जे काम प्रारणाशिवाय होते त्यासाठी कोट्यवधी माणसांना थोडेही प्रारण का द्यावे, हा त्यामागचा विचार.

आक्षेप कशाला होता?

खरे वादळ उठले ते चित्रांवरून. या यंत्रांच्या पडद्यावर प्रवाशाचे शरीर जवळजवळ विवस्त्र दिसे. सरकारने सांगितले, की चित्र पाहणारा अधिकारी दूरच्या खोलीत बसतो, त्याला प्रवासी दिसत नाही आणि विमानतळावर चित्र साठवले जात नाही. पण यंत्रांच्या खरेदीच्या कागदपत्रांत, चाचणीसाठी चित्रे साठवण्याची सोय त्यांत असावी, अशी अट होती. २०१० मध्ये तर उघड झाले, की फ्लॉरिडा राज्यातल्या एका न्यायालयाच्या दाराशी असलेल्या अशाच प्रकारच्या यंत्रात ३५ हजारांहून अधिक चित्रे साठून राहिली होती. "साठवणार नाही" हे वचन आणि "साठवता येत नाही" ही रचना, यांतला फरक लोकांच्या लक्षात आला.

प्रकरण न्यायालयात गेले. जुलै २०११ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. अशी छाननी घटनेविरुद्ध नाही. पण इतका मोठा बदल करण्यापूर्वी जनतेचे म्हणणे मागवायला हवे होते, ते मागवले नाही, ही चूक झाली. २०१२ च्या एका कायद्याने सरकारला बंधन घातले, की यंत्राने प्रवाशाचे चित्र दाखवूच नये. नवी प्रणाली चित्र स्वतःच तपासते. पडद्यावर सर्वांसाठी एकच बाहुलीवजा आकृती असते आणि संशयास्पद जागी फक्त एक चौकोन उमटतो. मिलिमीटर तरंगांच्या यंत्रांना हे जमले. क्ष-किरणांच्या यंत्रांना मुदतीत जमले नाही, म्हणून मे २०१३ अखेर ती अमेरिकेच्या विमानतळांवरून काढून टाकण्यात आली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सुरक्षितता आणि खाजगीपणा या तराजूच्या दोन ताटल्या आहेत, एक वर गेली की दुसरी खाली जाणारच, असे आपण धरून चालतो. या उदाहरणात तसे झाले नाही. तपासणी चालूच राहिली आणि माणसाची लाजही राखली गेली. यंत्राने पाहिलेले सगळे माणसाला दाखवण्याची गरज नव्हती.

शिवाय जास्त दिसले म्हणजे जास्त सापडले, असेही नसते. २०१४ मध्ये अमेरिकेतील तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी काढून टाकलेल्या यंत्रांपैकी एका नमुन्याचे यंत्र विकत घेऊन तपासले. धातू काळा दिसतो हे तुम्ही वर वाचलेच. चित्राची पार्श्वभूमीही काळीच होती. शरीराच्या पुढ्यात नव्हे, तर कडेला लटकवलेले पिस्तूल त्या काळ्या रंगात मिसळून गेले! ज्या यंत्रासाठी प्रवाशांनी एवढा संकोच सोसला, त्याला सरळ चुकवता येत होते.

एका लाखाचे गणित

आता थोडे गणित. समजा, एक लाख प्रवाशांत खरा घातपाती एकच आहे. यंत्र खऱ्याला १०० पैकी ९५ वेळा पकडते आणि निरपराध माणसांपैकी १०० मागे ५ जणांवर चुकून घंटी वाजवते. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.) मग घंटी कितीदा वाजेल? निरपराधांसाठी सुमारे ५,००० वेळा आणि खऱ्यासाठी फार तर एकदा. म्हणजे घंटी वाजलेला माणूस निरपराध असण्याची शक्यता ५,००० पैकी ४,९९९!

याचा अर्थ घंटीकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. त्या एकासाठीच तर सगळा खटाटोप. पण बाजूला घेतलेल्या प्रत्येकाशी तो निरपराध आहे असे समजूनच वागले पाहिजे, हे केवळ सौजन्य नाही, ते गणितही आहे.

आणि काही माणसांवर घंटी चुकून नव्हे, दर वेळी वाजते. शरीरात धातूची पट्टी किंवा कृत्रिम पाय असला, तर ती टळत नाही. नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी १९८१ मधील अपघातानंतर एक पाय गमावला आणि जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या, हे तुम्ही ऐकले असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना जाहीर विनंती केली, की विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला लावू नये. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. इथेही विज्ञानाची मदत होते. एका कापडी फितीने पायाचा पृष्ठभाग पुसून ती यंत्रात घातली, की स्फोटकाचे अत्यल्प कणही ओळखता येतात. पाय काढावा लागत नाही.

आपल्या घटनेची कसोटी

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अमर्याद नाही. पण त्याला मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि मर्यादा त्या हेतूपुरतीच हवी. ढेकूण मारायला घर जाळू नये, हे शेवटच्या कसोटीचे घरगुती रूप म्हणता येईल.

ही कसोटी पुढेही लागणार आहे. भारतातल्या मोठ्या विमानतळांवर शरीराची छाननी करणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश २०१९ मध्ये दिले गेले. १ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू व वाराणसी इथे आणि २०२३ मध्ये पुण्यातही चेहरा ओळखून प्रवेश देणारी 'डिजियात्रा' सुरू झाली. ती ऐच्छिक आहे, माहिती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहील आणि विमानतळाच्या यंत्रणेतून उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाईल, असे तेव्हा सांगण्यात आले. रांग लहान होते, ही सोय खरीच. पण किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते, चेहरा बदलता येत नाही. म्हणून वचनाची तपासणी करणारा कोणीतरी तटस्थ असावा, ही मागणी अवाजवी नाही.

वर्गात करून पाहा

तुमच्या शाळेच्या दाराशी किंवा जवळच्या स्थानकावर जो कॅमेरा किंवा जी चौकट असेल, तिच्याविषयी शिक्षकांच्या मदतीने पाच प्रश्नांची उत्तरे मिळवा. हे साधन नेमके काय पाहते? त्याला काय दिसत नाही? दिसलेले कोण पाहतो? ते किती दिवस ठेवतात? हेच काम कमी पाहून करता येईल का? शेवटी वरचे गणित घंटी १०० मागे एकदाच चुकते असे धरून पुन्हा करा आणि निरपराध किती जण थांबवले जातील ते फळ्यावर लिहा. मग त्या रांगेत आपण स्वतः उभे आहोत, अशी कल्पना करून चर्चा सुरू करा.