पाकोळ्यांची गुहा आणि तिची राखण

वेंगुर्ल्याच्या वायव्येला सुमारे १४ किलोमीटरवर, भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याला वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स म्हणतात. खलाशी या बेटांना दीपगृहामुळे ओळखतात, पक्षिअभ्यासक तिथल्या गुहेमुळे. ए. ओ. ह्यूम (काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले तेच) १८७५ मध्ये इथे येऊन गेले. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या पक्ष्यांवर लिहिले.

गुहेत भारतीय पाकोळी घरटे बांधते. चणीने चिमणीहूनही लहान असलेला हा काळपट पक्षी दिवसभर हवेत किडे टिपतो. गुहेच्या काळोखात टिकटिक आवाज काढत, त्याच्या प्रतिध्वनीवरून तो वाट शोधतो. वटवाघळाचा असा आवाज माणसाला सहसा ऐकू येत नाही, पाकोळीचा मात्र येतो. घरटे म्हणजे उभ्या कातळाला चिकटवलेली उथळ अर्धी वाटी. ती मुख्यतः वाळलेल्या लाळेची असते, तिच्यात थोडी पिसे नि काड्या. आत दोन पांढरी अंडी.

ही लाळच पाकोळीच्या मुळावर आली. चिनी खानपानात अशा घरट्यांच्या सूपला मोठा मान आणि त्याहून मोठा भाव आहे. घरटे खरवडले की अंडी-पिल्ले जातात. पाकोळी पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधते, तेही गेले तर तिसरे. तोवर पावसाळा तोंडावर येतो आणि वीण फुकट जाते.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००१ च्या सुमारास इथली घरटेचोरी उजेडात आणली आणि विणीच्या काळात राखणदार बसवून संरक्षण सुरू केले. पुढे वेळासच्या कासवांसाठी नावाजलेली संस्था हीच. पाकोळीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षणही मिळाले. पण कायद्याचा कागद भर समुद्रात पहारा देत नाही, तिथे माणूसच लागतो.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. वीण साधारण फेब्रुवारी ते मे. समुद्र शांत असतो तोही याच दिवसांत, म्हणजे चोर आणि पर्यटक यांची सवडही तीच. पर्यटकाचा हेतू वाईट नसतो, तरी विजेरीच्या झोताने दचकून पक्षी उडाला तर उथळ वाटीतले अंडे खाली पडू शकते. होडीच्या इंजिनाचा आवाजही बंद गुहेत घुमतो. म्हणून गुहेत शिरूच नये. होडी लांब ठेवून, इंजिन मंद करून, दुर्बिणीतून ये-जा पाहावी. घरट्यांचे जवळून काढलेले फोटो आणि गुहेचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे चोरांना पत्ता देणे. होडीवाल्याला ‘आत घेऊन चल, जास्त पैसे देतो’ म्हणणारे गिऱ्हाईक सर्वांत घातक. त्याला नाही म्हणणारा होडीवाला हा बिनपगारी राखणदारच.

बेटांवर उतरण्याचा मोहही आवरावा. उन्हाळ्यात सुरय पक्षी तिथे उघड्या खडकावर अंडी घालतात. माणूस जवळ आला की ते उठतात, आणि तेवढ्यात ऊन किंवा भक्षक अंड्यांचा घास घेतात.