घरची वेधशाळा (भाग ६) : वळवाच्या पावसात छप्पर कोण मिटवणार?

भिंती आणि सरकते छप्पर यांचा विचार मागील दोन भागांत झाला. आता वीज. घरच्या वेधशाळेच्या अंदाजपत्रकात विजेला सहसा शेवटची जागा मिळते. दुर्बीण ठरते, कॅमेरा ठरतो, छपराचे पत्रे येतात आणि सगळे उभे राहिल्यावर घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला जातो. बेंगळुरूत हा क्रम उलटा हवा, असे माझे म्हणणे आहे. इथल्या वेधशाळेने १२ व्होल्टच्या स्वतःच्या बॅटरीवर चालावे आणि वीज कंपनी बेस्कॉमच्या विजेकडे फक्त ती बॅटरी भरण्याचे काम असावे. या आग्रहामागे शहरात वीज किती वेळा जाते याचा हिशेब नाही. ती नेमकी कधी जाते, हा खरा मुद्दा आहे.

मार्चअखेर ते मे हा इथला वळवाचा हंगाम. हिवाळा आणि हे सुरुवातीचे उन्हाळी आठवडे हाच निरीक्षणाचा मुख्य काळ, कारण पुढे नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्याच्या पाठोपाठ परतीचा पाऊस थेट नोव्हेंबरपर्यंत आकाश झाकून ठेवतात. वळीव मात्र पूर्वसूचना देत नाही. संध्याकाळी तारे स्वच्छ दिसत असतात आणि तासाभरात ढग माथ्यावर येतात. आधी वारा सुटतो. रस्त्याकडेच्या जुन्या पर्जन्यवृक्षांच्या आणि गुलमोहरांच्या फांद्या तारांवर पडतात, फीडर बंद होतो, आणि मग थेंब सुरू होतात. म्हणजे छप्पर मिटवायची घाई जेव्हा होते, नेमकी तेव्हाच वीज नसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. वर्षभरात वीज एकदाच गेली आणि ती वेळ हीच निघाली, तरी नुकसान पुरेपूर होते.

छप्पर मिटवणे हे एकटे काम नाही, ती एक साखळी आहे. छप्पर बुटके असेल तर ते सरकण्याआधी दुर्बीण आडवी करून ठरलेल्या जागी ठेवावी लागते, नाहीतर छपराची कड नळीवर आदळते. त्यासाठी दुर्बीण वळवणाऱ्या माउंटला वीज हवी, माउंटला आज्ञा देणाऱ्या छोट्या संगणकाला वीज हवी आणि शेवटी छपराच्या मोटारीला. तिघांपैकी एकाची गेली की बाकीच्या दोघांचा उपयोग नाही. शक्य असेल तर दुर्बीण कोणत्याही दिशेला रोखलेली असताना वरून निघून जाईल इतके उंच छप्पर बांधावे. पत्रा थोडा जास्त लागतो, पण साखळीतल्या दोन कड्या गळतात. मोटार बंद पडलीच तर हाताने छप्पर ओढता यावे, ही सोय तर हवीच.

ऊर्जेच्या दृष्टीने हे काम अगदी क्षुल्लक आहे. सरकत्या फाटकांसाठी मिळणारी २४ व्होल्टची मोटार २५० वॉट घेते आणि छप्पर दोन मिनिटांत मिटते असे धरले, तर खर्च होतात जेमतेम आठ वॉट-तास. यूपीएसमध्ये असतात तशा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर दीडशेहून अधिक वॉट-तास हाताशी राहतात. म्हणून छपराची बॅटरी वेगळी ठेवावी. कॅमेऱ्याने रात्रभर ओढून ती रिकामी करण्याचा प्रश्नच मग उरत नाही.

उपकरणांचा हिशेबही भीतिदायक नाही. माउंटला तारा धरून चालताना साधारण १ अँपिअर, थंड केलेल्या कॅमेऱ्याला २, दव हटवणाऱ्या पट्ट्यांना दीड, मिनी पीसीला १ आणि बाकी किरकोळ अर्धा, असे १२ व्होल्टवर ६ अँपिअर, म्हणजे ७२ वॉट. नऊ तासांच्या रात्रीला ५४ अँपिअर-तास. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची १०० अँपिअर-तासांची बॅटरी ऐंशी टक्के वापरली तरी हे भागवून शिल्लक उरते. ही जात शून्य अंशाखाली भरता येत नाही, पण ती अडचण लडाखची, बेंगळुरूची नव्हे. इथे शत्रू आहे तो एप्रिलच्या दुपारी तापणारा पत्रा. बॅटरी छपरालगत नको, जमिनीजवळ सावलीच्या पेटीत ठेवावी आणि धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा, कारण शॉर्ट सर्किट झाल्यास या बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : घरात इन्व्हर्टर आहेच, मग आणखी बॅटरी कशाला? एक तर त्या इन्व्हर्टरवर घरातले पंखे आणि दिवेही असतात. वीज गेली की सगळे मिळून ओढतात. दुसरे, अदलाबदलीच्या क्षणी पडणारा बारीक खंड पंख्याला कळत नाही, पण छोटा संगणक त्यात पुन्हा सुरू होऊ शकतो आणि माउंटला आपण कुठे रोखलो होतो याचा विसर पडू शकतो. तिसरे, बॅटरीतली एकदिश वीज इन्व्हर्टरने प्रत्यावर्ती करायची आणि अडॅप्टरने पुन्हा एकदिश करायची, यात दोन्ही वेळा गळती होते. उपकरणांना मुळात १२ व्होल्टच हवे आहेत.

अंतराचा हिशेबही बॅटरी वेधशाळेतच ठेवायला सांगतो. घरात १२ व्होल्टची बॅटरी ठेवून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन ३० मीटर तारेत ६ अँपिअरवर २ व्होल्टहून जास्त दाब गळतो. माउंटपर्यंत पोचतात पावणेदहा व्होल्ट, आणि ते अडखळू लागते. मग दोष गिअरला दिला जातो. हीच ऊर्जा २३० व्होल्टवर त्याच तारेने नेली तर गळती एका व्होल्टच्या पाव हिस्स्यापेक्षाही कमी. म्हणून २३० व्होल्टची तार नळीतून वेधशाळेपर्यंत न्यावी, तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावावा, चार्जर आणि बॅटरी दोन्ही दुर्बिणीच्या खांबापाशी ठेवावीत. विजांचा गडगडाट ऐकू येताच चार्जरची पिन भिंतीतून सरळ उपसून काढता येते आणि तरीही छप्पर मिटते, हा या रचनेचा मला सर्वांत आवडणारा गुण. थेट पडणाऱ्या विजेपुढे कोणताही सर्ज प्रोटेक्टर टिकत नाही. संगणकाच्या जोडणीसाठी तांब्याच्या तारेऐवजी वायफाय किंवा फायबर वापरण्याचे कारणही तेच.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ज्या शहरात १९०५ सालीच शिवनसमुद्रच्या विजेवर रस्त्यातले दिवे लागले, त्याच्या आजच्या झगझगाटात वेधशाळा बांधायचीच कशाला? अंधुक आकाशगंगांसाठी बांधू नये, हे कबूल. पण ताऱ्यांच्या तेजाचे मापन शहरातूनही होते. सारथी तारकासमूहात ११.७ प्रतीचा वास्प-१२ हा तारा आहे. त्याचा ग्रह सुमारे २६ तासांत एक फेरी घालतो आणि समोरून जाताना जवळपास तीन तास ताऱ्याचे तेज दीड टक्क्याच्या आसपास उतरते. ही घट टिपायची तर त्याआधीचा आणि नंतरचा काळ धरून पाच तास सलग मोजणी हवी. मध्ये वीज गेली, माउंट हरवले, तारा कॅमेऱ्यातल्या दुसऱ्याच ठिपक्यांवर जाऊन बसला, की आलेखाला पायरी पडते आणि दीड टक्का तिच्यात बुडतो. शहरात मोल आहे ते अशा सलग कामाला आणि सलगपणा बॅटरीतून येतो. ज्यांना डॉब्सोनियन दुर्बिणीला डोळा लावून गुरू-शनी पाहायचे आहेत, त्यांना यातले काहीच लागत नाही. त्यांनी हा भाग खुशाल सोडून द्यावा.

खासगी वेधशाळा आपल्याकडे विजेच्या आधीपासून आहेत. विशाखापट्टणमला जग्गाराव यांनी १८४० साली स्वतःची वेधशाळा थाटली. हैदराबादेत नवाब जफर जंग यांच्या १९०१ सालच्या खासगी वेधशाळेतूनच पुढे निजामिया वेधशाळा आकाराला आली. खासगी नव्हे, पण त्याच काळातली म्हणून आठवावी अशी, पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली कावसजी नायगमवाला यांची तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, तिच्या २० इंची दुर्बिणीचा वारसा पुढे कोडाईकनालमार्गे आज बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आला. त्या काळच्या मोठ्या दुर्बिणी खाली उतरणाऱ्या वजनावर चालणाऱ्या घड्याळयंत्राने तारा धरून ठेवत. ती ऊर्जा रात्रीच्या आरंभीच हाताने वर चढवलेली असे. पूर्ण भरलेली बॅटरी हे त्याच वजनाचे आजचे रूप आहे, बाहेरून येणाऱ्या तारेवर दोघांचीही भिस्त नाही.

मग सौर पॅनेलच का नको? भारतीय खगोलभौतिकी संस्थेचीच लडाखमधील हानले येथे ४५०० मीटर उंचीवरची २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटेतून उपग्रहाच्या दुव्याने चालवली जाते आणि तिथे सौर विजेचा मोठा आधार आहे. पण हानले दूरचे ओसाड पठार आहे, बेंगळुरूतले जयनगर नव्हे. आपली एका रात्रीची गरज चार्जरची गळती धरूनही पाऊण युनिटच्या आसपास. तेवढ्यासाठी २०० वॉटचे पॅनेल, त्याचा नियंत्रक आणि गच्चीवरची मोक्याची जागा खर्च करणे मला पटत नाही. कनकपुरा किंवा चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला शेतात वेधशाळा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पॅनेल जरूर लावावे, आणि निरीक्षणाचे महिने नेमके भरपूर उन्हाचेच असल्याने ते पुरतेही.

एक चाचणी मात्र दर महिन्याला करावी. छप्पर उघडे, दुर्बीण माथ्यावर रोखलेली, सगळी उपकरणे चालू, अशा वेळी घरातला मुख्य स्विच बंद करायचा आणि छप्पर मिटते का ते पाहायचे. वळीव सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत तर ही चाचणी पार पडलीच पाहिजे. पुढच्या भागात खांब : १३ अंश अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो आणि बहुधा शेजारच्या इमारतीमागे दडलेला असतो, तेव्हा माउंटचा अक्ष कसा जुळवायचा ते पाहू.