भेंडी रविवारपर्यंत थांबत नाही

शहरालगत दोन-चार एकर जमीन, रसायनांविना पिकवलेला भाजीपाला, हंगामाआधीच पैसे भरणारी काही कुटुंबं आणि सुट्टीच्या दिवशी खुरपं घेऊन वाफ्यात उतरणारे स्वयंसेवक. सभासदांच्या आधारावर चालणाऱ्या भाजीपाल्याच्या शेतीचं हे चित्र आता आपल्याकडेही अनेकांना खुणावतं. त्यात सगळ्यांची नजर आधी स्वयंसेवकांवर जाते. हौशी माणसं फुकट राबतील, मजुरी वाचेल आणि म्हणून सेंद्रिय भाजी परवडेल, असा हिशेब सहज मांडला जातो. माझ्या मते हा हिशेबच अशा शेतीच्या मुळावर येतो. ही शेती तगते ती आगाऊ पैशावर आणि वाटून घेतलेल्या जोखमीवर. मजुरी वाचवण्यासाठी स्वयंसेवक बोलावले, की शेतीही अडचणीत येते आणि स्वयंसेवकही टिकत नाहीत.

जपानचा अनुभव इथे उपयोगी पडतो. मिनामाताच्या पाराविषबाधेनं हादरलेल्या त्या देशात 1971 साली तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकारानं सेंद्रिय शेतीची संघटना उभी राहिली आणि ‘तेइकेई’ नावाची पद्धत रुजली. शेतकरी आणि शहरी कुटुंबांचा गट यांनी आपसात बोलून भाव ठरवायचा, शेतात जे पिकेल ते सगळं गटानं घ्यायचं आणि वाटपाचं काम वाटून घ्यायचं, अशी तिची रीत. गटातल्या गृहिणी निंदणी-खुरपणीलाही शेतावर जात. पुढे अधिकाधिक बायका नोकरी करू लागल्या, सेंद्रिय माल दुकानांत मिळू लागला आणि अनेक गट रोडावले. अमेरिकेत 1986 साली सुरू झालेल्या अशा दोन आद्य शेतांपैकी न्यू हॅम्पशायरमधल्या टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्मनं वेगळी वाट धरली. तिथे वर्षाचा अंदाजित खर्च सभासदांपुढे ठेवला जातो. त्यात शेतकऱ्यांच्या चरितार्थाची रक्कमही धरलेली असते. प्रत्येक कुटुंब आपल्याला झेपेल तो आकडा सांगतं. बेरीज कमी पडली तर पुन्हा एक फेरी होते. किलोमागे भाव लावलेलाच नसतो. शेतात राबणाऱ्याचं पोट आधी आणि टोपली नंतर, हा क्रम त्यांनी पहिल्यापासून पाळला.

या क्रमाला एवढं महत्त्व का, ते शेतात उभं राहिल्यावर कळतं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. चार-पाच दिवस तशीच राहिली तर ती जून होते, तिचं टोक मोडत नाही आणि झाडाची ताकद बी भरण्यात गेल्यामुळे पुढचा तोडाही घटतो. काकडी, गवार, दोडका यांचंही तेच. भेंडी रविवारपर्यंत थांबत नाही आणि स्वयंसेवक तर रविवारीच येतात. त्यात रसायनं सोडली की काम कमी होत नाही, वाढतं. तणनाशकाची जागा खुरप्याला घ्यावी लागते. निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, अर्क गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळायचा आणि फवारणी शक्यतो संध्याकाळी करायची, कारण कडक उन्हात त्याचा गुण लवकर ओसरतो. टोमॅटोच्या ओळींमध्ये घाटेअळीला भुलवण्यासाठी झेंडू लावायचा, तर त्याच्यावरही रोज नजर हवी. गाजराचं कोवळं रोप तर दोऱ्याएवढं असतं, नवख्या हातून तणाबरोबर तेही उपटलं जातं. हे काम जाणत्या हाताचं आहे, आणि हे जाणते हात बहुधा गावातल्या शेतमजूर बायकांचे असतात. शहरातून आलेल्या हौसेनं त्यांचा रोज बुडत असेल, तर त्या शेतीला शाश्वत कसं म्हणायचं?

मग स्वयंसेवक हवेतच कशाला, असं कुणी विचारेल. हवेत, पण योग्य कामासाठी. लसणाची लागवड, बटाट्याची काढणी, वाफ्यांवर पाचटाचं आच्छादन पसरणं, ही एकदम चार माणसं जास्त लागणारी कामं आहेत. त्याहून मोठा भार शहरातला असतो: भाजी निवडणं, टोपल्या भरणं, वाटप, हिशेब, सभासदांच्या तक्रारी. शेतकऱ्याला याच कामांना वेळ नसतो आणि शहरातल्या माणसाला यांतलं बरंच काही येतं. मुंबईतल्या ‘हरीभरी टोकरी’ या उपक्रमात स्वयंसेवकांचा मोठा आधार होता, तो शहराकडच्या या बाजूला. शिवाय ज्यानं एकदा कोबीच्या पानामागची अळी हातानं वेचली आहे, तो भोकं पडलेलं पान पाहून टोपली परत करत नाही. आपल्याकडच्या इर्जिकीतही श्रम खऱ्या अर्थानं फुकट नव्हते. गावानं एकाचं शेत नांगरून द्यायचं, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि उद्या दुसऱ्याच्या शेतावर आपले बैल घेऊन जायचं. परतफेड ठरलेली होती म्हणून ती प्रथा टिकली. स्वयंसेवकाला टोपलीत सूट द्या, शिकवा, निर्णयात बसवा. काहीतरी परत मिळालंच पाहिजे.

याला सर्वांत वजनदार आक्षेप किमतीचा आहे. पुरी मजुरी द्यायची म्हणजे भाजी महागणार आणि ती फक्त सुखवस्तूंच्या ताटात जाणार. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोला जो रुपया मोजतो, त्यातले साधारण 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात 36. उरलेल्या पैशात वाहतूक, हाताळणी, नासाडी आणि मधल्या हातांचा नफा असतो. शेत आणि स्वयंपाकघर थेट जोडलं, तर हे सगळं वाचत नाही, पण मजुरीपुरती जागा नक्की निघते. हातावर पोट असलेल्या घराला हंगामाचे पैसे एकदम भरता येणार नाहीत, हे खरंच आहे. तिथे हप्ते ठेवावेत आणि टेंपल-विल्टनसारखी ऐपतीप्रमाणे वर्गणी घ्यावी. ते न करता मजूर बाईचा रोज कापून भाजी स्वस्त करणं म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढणं.

अशा शेतांनी मुंबई-पुण्याची भूक भागणार नाही, हेही कबूल. पण 2023 च्या मे महिन्यात भाव कोसळले म्हणून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिला आणि जुलैत तोच टोमॅटो शंभरीपार गेला. हे हेलकावे एकट्या शेतकऱ्यानं सोसायचे की खाणाऱ्यानंही त्यात वाटा उचलायचा, हा प्रश्न शंभर कुटुंबांच्या शेतालाही तितकाच लागू आहे. त्यामुळे सभासदांशी करार करताना अवघड कलमं आधी लिहावीत. श्रावणातल्या झडीत पालेभाजी सडली तर टोपली हलकी येईल आणि वर्गणी परत मिळणार नाही. लागोपाठ तीन आठवडे दुधी आला तर तो घ्यावा लागेल. वर्षाच्या खर्चात बियाणं, शेणखत, ठिबक आणि टेम्पोच्या भाड्याच्या वरती, पहिल्या ओळीत, वर्षभराची मजुरी असेल. हा कागद वाचून सभासद निम्मे झाले, तर पहिल्या वर्षी लागवडही निम्मी करावी.