अम्मी, हा खेळ मध्येच थांबत नाही!

मगरिबची नमाज झाली, चहा झाला आणि आतल्या खोलीतून पुन्हा तोच आवाज आला. आधी तलवारींची खणखण, मग कोणीतरी कोसळल्याचा धप्प आवाज, मग शांतता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत दोन इंग्रजी शब्द उमटतात. अर्थ एवढाच, की तू मेलास. आमचा थोरला काही न बोलता पुन्हा सुरुवात करतो. त्या संध्याकाळी आम्ही मोजले. ताटे वाढून होईपर्यंत तो तेवीस वेळा मेला होता.

"जेवायला ये," म्हणून हाक मारली की ठरलेले उत्तर येते, "अम्मी, हा खेळ मध्येच थांबत नाही. दोनच मिनिटं!"

यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या आमच्या नेर गावात आमचे बी-बियाण्यांचे छोटे दुकान आहे. थोरला बारावीनंतर नीट परीक्षेला बसला. मार्क कमी पडले. एक वर्ष थांबून पुन्हा बसायचे ठरले. त्याच सुमारास त्याच्या मामूंनी आपला जुना, पण चांगला ताकदवान कॉम्प्युटर अभ्यासासाठी म्हणून पाठवला आणि त्याच्याबरोबर हा खेळही घरात आला.

एका रात्री आमचा संयम सुटला. आम्ही सरळ बटण बंद केले. मुलगा भांडला नाही, ओरडला नाही. तो तीन दिवस आमच्याशी बोललाच नाही. चौथ्या दिवशी आम्ही दोघे नवरा-बायको त्याच्या शेजारी खुर्च्या टाकून बसलो आणि म्हणालो, "बेटा, यात एवढं आहे तरी काय? आम्हाला शिकव." पुढचे काही आठवडे रोज ईशानंतर आम्ही अर्धा तास शिकलो. ज्यांच्या घरातून असेच आवाज येत असतील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

खेळ कोणता आणि कोणाचा?

खेळाचे नाव 'एल्डन रिंग'. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने तो बनवला आणि २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तो बाजारात आला. वर्षभरातच त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. अशा खेळांना 'अॅक्शन रोल-प्लेइंग' म्हणतात. म्हणजे लढायचे आपल्या बोटांच्या चपळाईने आणि त्याच वेळी आपले पात्रही हळूहळू घडवत न्यायचे.

याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यांचे बालपण गरिबीत गेले. घरी पुस्तके घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ते ग्रंथालयातून आणत. त्यात इंग्रजी पुस्तकेही असत. सगळे समजत नसे, तेव्हा चित्रे पाहून उरलेली गोष्ट ते मनानेच रचत. वयाच्या २९ व्या वर्षी, चांगली नोकरी सोडून, ते या कंपनीत आले. तिथे एक खेळ जवळजवळ फसलेला होता. तो त्यांनी हातात घेतला. २००९ साली आलेला 'डेमन्स सोल्स' तो हाच. पुढे २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला आणि २०१४ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांचे खेळ अवघड म्हणूनच जगभर ओळखले जातात.

मरण येते कुठून?

या खेळात शत्रूंना हरवले की 'रून्स' मिळतात. हीच तिथली कमाई. यातूनच वस्तू घ्यायच्या आणि यातूनच ताकद वाढवायची. मेलात की सगळे रून्स मेलात त्या जागी पडतात. परत जाऊन उचलता येतात, पण वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले.

आमचा मुलगा अडकला होता मार्गिट नावाच्या राक्षसापाशी. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर तो उभा असतो आणि बहुतेक नवे खेळाडू तिथेच अडकतात. त्याचे कारण मुलाने समजावले. "अब्बू, तो काठी वर उचलतो आणि मुद्दाम थांबतो. आपण घाबरून आधीच बाजूला लोळतो. आपलं लोळणं संपलं, की मग तो मारतो."

म्हणून पहिला धडा असा, की हात वर गेलेला पाहून हलायचे नाही, तो खाली येताना हलायचे. दुसरा धडा हावरटपणाचा. दोन वार बसले की तिसरा मारायचा मोह होतो. प्रत्येक वाराने आणि प्रत्येक उडीने दमाची हिरवी पट्टी रिकामी होते. ती संपली की पळताही येत नाही. आम्ही शेजारी बसून पाहिले. दहापैकी सात-आठ वेळा तो त्या तिसऱ्या वारानेच मेला. जखम भरणारे औषध राक्षसाच्या समोर उभे राहून प्यायले की तो लगेच धावून येतो, हेही त्यात आले.

मुलाने उशीखालून एक वही काढून दाखवली. राक्षसाची कोणती हालचाल, तिच्यानंतर किती वेळ मिळतो, त्यात किती वार बसतात, सगळे टिपलेले. आम्हाला वाटत होते पोरगा डोके गहाण टाकून बसतो.

पात्र घडवायचे कसे?

खेळाडू ज्याला 'बिल्ड' म्हणतात, ती या खेळाची अर्धी विद्या आहे. पात्राचे आठ गुण असतात: जीवनशक्ती, जादूसाठीचे मन, दम, बळ, चपळाई, बुद्धी, श्रद्धा आणि एक गूढ शक्ती. रून्स खर्चून एका वेळी एकच गुण एका अंकाने वाढतो आणि प्रत्येक पायरीला भाव चढतो. म्हणून उधळपट्टी परवडत नाही.

आमच्या मुलाने सुरुवातीला सगळ्यातच थोडे थोडे टाकले होते. थोडे बळ, थोडी बुद्धी, थोडी श्रद्धा. परिणाम असा, की तलवारही बोथट आणि जादूही फुसकी. जाणकार सांगतात, की आधी एक हत्यार निवडा. प्रत्येक हत्याराला कोणत्या गुणाचा किती फायदा होतो, हे ई, डी, सी, बी, ए, एस अशा अक्षरांनी लिहिलेले असते. ई सर्वांत कमी, एस सर्वांत जास्त. ज्या गुणासमोर मोठे अक्षर, तोच वाढवायचा.

त्याआधी मात्र जीवनशक्ती. नवखे खेळाडू मारण्याची ताकद वाढवतात आणि एका फटक्यात मरतात. खेळाच्या मध्यापर्यंत ती ४० च्या आसपास असावी, असे बहुतेक अनुभवी खेळाडू सांगतात. तिसरी गोष्ट हत्याराला धार लावण्याची. खास दगड गोळा करून लोहाराकडून साधे हत्यार २५ पायऱ्यांपर्यंत सुधारता येते. सुरुवातीच्या काळात गुण वाढवण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो. चौथी गोष्ट वजनाची. अंगावरचे ओझे क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर गेले, की पात्र पोत्यासारखे जड लोळते आणि मार खाते. चिलखत दिसायला भारी, पण कामाला नाही.

आणि चुकीचे पात्र घडलेच तर? राया लुकारिया नावाच्या विद्यापीठात रेनाला या राणीला हरवल्यावर, एक दुर्मीळ वस्तू देऊन, सगळे गुण परत घेऊन नव्याने वाटता येतात. ती वस्तू मोजक्याच ठिकाणी मिळते. पण वाट आहे, हे महत्त्वाचे.

समोरचा दरवाजा उघडत नसेल तर

या खेळात 'सोपे' किंवा 'अवघड' असे बटण नाही. तरी सोपे करण्याच्या वाटा त्यातच पेरलेल्या आहेत. सुरुवातीलाच मोकळ्या रानात सोन्याच्या चिलखतातला एक घोडेस्वार फिरताना दिसतो. नवा खेळाडू त्याच्यावर तुटून पडतो आणि मरतो. खरे तर त्याला टाळून पुढे जायचे असते. मार्गिट हरत नसेल तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्शुला नावाचा भाग आहे. तिथे फिरावे, दगड गोळा करावेत, औषधाच्या कुप्या वाढवाव्यात आणि मग परतावे. मदतीला आत्मे बोलावता येतात. ओळखीचा नसलेला दुसरा खेळाडूही इंटरनेटवरून येऊन बाजूला उभा राहू शकतो. काही पोरे अशी मदत घेणाऱ्याला हसतात. पण मदत खेळ बनवणाऱ्यानेच ठेवली आहे, मग लाज कसली?

याचा एक किस्सा जगभर गाजला. खेळातली सर्वांत कठीण योद्धी मलेनिया. तिचा वार आपल्याला लागला की तिचीच जखम भरते. २०२२ मध्ये 'लेट मी सोलो हर' या टोपणनावाचा एक खेळाडू डोक्यावर मडके घालून, अंगावर चिलखत नसताना, अनोळखी लोकांच्या हाकेला धावून जायचा आणि त्यांच्या वतीने तिला एकटा हरवून निघून जायचा. असे त्याने हजारांहून अधिक वेळा केले. शेवटी खेळाच्या प्रकाशक कंपनीने त्याला खरी तलवार भेट पाठवली.

पहिल्या अपयशानंतर पुन्हा उभे राहिल्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा लढाईचा खेळ बनवला. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडे पैसे मागितले, पण ठरलेली रक्कम जमली नाही. तरी २०२० मध्ये खेळ आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या सर्वोत्तम पदार्पणाच्या यादीत त्याला नामांकन मिळाले. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या एका मुलीची ही कथा हिंदू पुराणांवर बेतलेली आहे. एल्डन रिंगपेक्षा हा खेळ पुष्कळ लहान आहे.

एका रात्रीची गोष्ट

मार्गिट पडला त्या रात्री आम्ही तिघेही ओरडलो. धाकटी झोपेतून उठून आली. आनंद ओसरल्यावर आम्ही म्हणालो, "बघ, इतक्या वेळा पडलास, पण सोडलं नाहीस. मग अभ्यासात का हिंमत हरतोस?"

आम्हाला वाटले, मोठी अकलेची गोष्ट बोललो. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बू, यात मेलो तर दोन मिनिटं जातात. जवळच पुन्हा उठतो. तिथे वर्ष जातं. आणि इथे मेल्यावर कोणी काही बोलत नाही."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. निकालानंतरची ईद आठवली. शिरखुर्मा खायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्याचे मार्क आम्हीच मोठ्याने सांगितले होते. खालाच्या मुलाचे मार्कही आम्हीच विचारले होते. नंतर प्रत्येक सराव परीक्षेच्या दिवशी तो घरात शिरताच आमचा पहिला प्रश्न असे, "किती?"

दुकानात आम्ही असे वागत नाही. पाऊस दगा देतो, सोयाबीन उगवत नाही आणि शेतकरी दुबार पेरणीचे बियाणे घ्यायला येतो. त्याला आम्ही टोमणा मारत नाही. कोणते शेत, पेरल्यावर किती दिवसांनी पाऊस आला, बी किती खोल गेले, एवढेच विचारतो. त्याचे पैसे एकदा मातीत गेलेले असतात, हे आम्हाला माहीत असते. घरच्या मुलाला मात्र आम्ही ही सवलत दिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून "किती?" हा प्रश्न आम्ही बंद केला. त्याऐवजी "कुठे अडलं?" असे विचारू लागलो. पहिल्या आठवड्यात उत्तर आले नाही. मग एका रात्री त्याने सराव परीक्षेचा पेपर स्वतःच आणून समोर ठेवला. चुकलेल्या उत्तराला एक मार्क कापला जातो, तरी त्याने कितीतरी प्रश्नांना अंदाजाने उत्तरे दिली होती. "तिसरा वार," तो म्हणाला आणि हसला. कित्येक महिन्यांनी तो अभ्यासाबद्दल बोलताना हसला होता.

पालकांसाठी चार गोष्टी

खेळ लहान मुलांचा नाही. युरोपात तो १६ वर्षांवरच्यांसाठी आहे, अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठी. रक्तपात आहे, भयानक आकृत्या आहेत. धाकट्यांना त्या खोलीत बसू देऊ नका.

त्यातले देव, देवपुत्र आणि विधी काल्पनिक आहेत. मुलाच्या मनात काही प्रश्न असेल तर खेळ बंद करण्याआधी त्याच्याशी बोला.

'मध्येच थांबत नाही' हे खरे आहे, इतर खेळांसारखी मध्येच थांबण्याची साधी सोय यात नाही. पण मेनूतून बाहेर पडले की खेळ आपोआप साठवला जातो. मोठ्या लढाईच्या मध्येच बाहेर पडले, तर फक्त ती लढाई पुन्हा सुरू करावी लागते. म्हणजे अजान झाली किंवा ताट वाढले, तर उठता येते. हे मुलाला माहीत असते. आता तुम्हालाही माहीत असू द्या.

वेळ मिनिटांत ठरवण्यापेक्षा प्रयत्नांत ठरवा. "अर्धा तास" म्हटले की भांडण होते. "आणखी पाच वेळा" म्हटले की पोरगा स्वतःच मोजतो. आमच्या घरी रोज दहा प्रयत्न ठरले आहेत आणि तेही अभ्यासानंतर. परीक्षेच्या आधीचा महिना पूर्ण बंद, हे त्यानेच सुचवले.

निकाल अजून यायचा आहे. फार्मसीसाठी त्याने सीईटीचाही अर्ज भरला आहे. आम्हाला आधी ती माघार वाटली होती. "अम्मी, आधी दक्षिणेला जाऊन येतो," एवढेच तो म्हणाला आणि आम्ही फॉर्मवर सही केली.

मलेनिया अजून पडलेली नाही. काल रात्री हाक मारली तेव्हा आतून आवाज आला, "अम्मी, नववा चालू आहे." आम्ही त्याचे ताट झाकून ठेवले आणि वाट पाहत बसलो.