चालतंय, मग बदलायचं कशाला?

लखनौजवळच्या मलिहाबादेत दशहरीच्या जुन्या आमराया सावली भरपूर देतात, फळ मात्र बेताचंच. फांद्यांत फांद्या अडकतात, आत ऊन पोचत नाही. रहमानखेड्याच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने यावर छाटणीचा उपाय काढला. पण सगळं झाड एकदम छाटलं तर दोन-तीन वर्षांचं उत्पन्न बुडतं. म्हणून फांद्या टप्प्याटप्प्याने उतरवतात.

कंपन्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरचंही दुखणं हेच. ते कसंबसं चालू असतं, म्हणून संचालक मंडळ खर्चाला नाक मुरडतं.

‘तंत्रज्ञान जुनं झालं’ एवढ्याने मंडळ हलत नाही. न बदलण्याची किंमत दाखवावी लागते: डागडुजीचे तास, निवृत्तीला आलेले जाणकार, बंद पडल्यास बुडणारा धंदा. डिसेंबर २०२२च्या हिमवादळातून अमेरिकेतल्या इतर विमान कंपन्या लवकर सावरल्या. साउथवेस्ट या कंपनीचं कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारं जुनं सॉफ्टवेअर मात्र कोलमडलं. कोणता वैमानिक कुठे आहे, हेच कळेना. सुमारे १६,७०० उड्डाणं रद्द झाली.

घाईही महागात पडते. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये ग्राहकांची खाती एका दमात नव्या प्रणालीवर नेली आणि लाखो ग्राहक अडकले. पुढे सुमारे ४.८७ कोटी पौंड दंड झाला.

म्हणून आधी एकच भाग निवडतात, समजा बिलिंग. जुनं-नवं काही महिने शेजारी चालवून दोन्हींची बिलं पै-पैशाने ताडतात. ती जुळली की जुना भाग बंद होतो आणि पुढच्या हप्त्याचा प्रस्ताव मंडळासमोर जातो.